मदत हवी आहे: जिमनंतर प्रोटीन शेकऐवजी काय खाऊ? (सांगली)

कृष्णाकाठ: लवकर सांगा राव, डबा संपत आलाय आणि परत पावडर आणायची नाही असं ठरवलंय. चार महिने झाले जिम लावून, वजनं वाढायलीत, पण शेक प्यायला की पोट टम्म फुगतं, दुकानात गिऱ्हाईकासमोर उभं राहायची पंचाईत. ट्रेनर म्हणतो अर्ध्या तासात पावडर नाही घेतली तर मेहनत वाया, जेवणानं काही होत नाही. खरंय का? काय खायचं आणि किती तेवढंच सांगा.

घाटमाथा: वजन किती? अंडी-मटण चालतं का? जिम सकाळी का संध्याकाळी?

मिरजेची_तालीम: भावा पावडर विसर. खुराक धर. जोर-बैठका झाल्या की आम्ही बदाम-खसखशीची थंडाई घ्यायचो, वर तांब्याभर म्हशीचं दूध. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मारलं, त्यांच्या गावात, गोळेश्वरात, तेव्हा कुठली पावडर होती?

लोखंड_सातारा: पैलवान, मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बदामात जेमतेम ६ ग्रॅम प्रोटीन, बाकी फॅट. शेकच्या पावडरीतलं व्हे पण दुधातूनच निघतं, विष नाही. मी ३ वर्षं घेतोय, एका स्कूपला २४ ग्रॅम, काम संपलं.

मिरजेची_तालीम: त्याला ते पचत नाही म्हणतोय ना, वाचा की आधी.

स्वाती_वाई: पोट कमी करायला सकाळी कोमट पाण्यात लिंबू घ्या, माझं ४ किलो उतरलं.

कृष्णाकाठ: ताई मला वजन वाढवायचंय. ६८ किलो, जिम सकाळी ६ ते ७, दुकान ९ ला. घरात अंडं चालत नाही, बाहेर खातो, पण सकाळी ७ ला अंड्याची गाडी कुठं असते? हे सगळं सांगावं लागतं होय.

घाटमाथा: लागतं, त्याशिवाय आकडा निघत नाही. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे तुला दिवसाला ११० च्या आसपास. अर्ध्या तासाचं काटेकोर काही नाही, दिवसाची बेरीज महत्त्वाची, ७ ला व्यायाम संपवून ८ ला खाल्लंस तरी काही वाया जात नाही. २०१७ ला इलिनॉय विद्यापीठाच्या लोकांनी व्यायामानंतर १८ ग्रॅम प्रोटीन एकदा अख्ख्या अंड्यांतून दिलं, एकदा नुसत्या पांढऱ्यातून, तर अख्ख्या अंड्यानं स्नायू जास्त बांधले गेले. १० जणांवरचाच प्रयोग, पण जेवणानं काही होत नाही हे तरी खोटंच. एक सांग, नुसतं दूध प्यायल्यावर काय होतं?

कृष्णाकाठ: चहा चालतो. ग्लासभर दूध प्यायलो तर पोटात गुडगुड होते, लहानपणापासून.

घाटमाथा: मग दुधातली साखर पचत नसणार तुला, लॅक्टोज. साध्या व्हेमध्ये तीच असते. दही बघ खाऊन, विरजणात ती बरीच कमी होते.

लोखंड_सातारा: आयसोलेट घे मग, म्हणजे जास्त शुद्ध केलेलं व्हे, त्यात लॅक्टोज नावाला असतं.

कृष्णाकाठ: अहो पावडर नको म्हणतोय मी!

नीलिमा_तासगाव: माझा मुलगा कबड्डी खेळतो, आमच्याकडंही अंडं नाही. सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम, गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायच्या, नाहीतर वास जात नाही, मग कांदा-लसूण चटणीत परतायच्या आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायच्या. वड्यांतूनच २५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. रात्री केल्या तर सकाळी नुसत्या गरम करायच्या. आधी थोड्याच खाऊन बघा बाळा, एकदम पन्नास ग्रॅमनं पण पोट जड होतं. दुकानात डब्यात फुटाणे ठेवा, ५० ग्रॅमला १० ग्रॅम. दुपारी मटकीची उसळ, वाटीभर दही, रात्री १०० ग्रॅम पनीर, त्यात १८.

मिरजेची_तालीम: सोयाबीन पोरांनी खाऊ नये म्हणतात.

घाटमाथा: जेवणातल्या सोयानं पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी होत नाही, यावर भरपूर अभ्यास झालेत. उगाच घाबरवू नका.

कराडकर_०७: क्रिएटिन कुणी घेतंय का इथं?

कृष्णाकाठ: काकू, आईला दाखवलं तुमचं. वड्या भिजत घातल्यात तिनं. फुटाणे सालीसकट खायचे का?

नीलिमा_तासगाव: सालीसकटच. आणि पाणी भरपूर प्या.