पूरक रंग की विरोधी रंग?

प्रश्न : लेक यंदा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसतेय. तिच्या वहीत लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, निळा-नारिंगी या जोड्यांवर 'विरोधी रंग' असं लिहिलंय. मी छापखान्यात डिझाइनचं काम करते. आम्ही याच जोड्यांना 'पूरक' म्हणतो. एकाच गोष्टीला असे उलटसुलट शब्द कसे? यातला चूक कोणता? शिवाय, टिंट आणि शेड, दोन्हींना 'छटा'च म्हणायचं का?

उत्तर : ताई, चूक कोणताच नाही. रंगचक्रावर हे रंग समोरासमोर बसतात, म्हणून विरोधी. आता लाल, पिवळा, निळा हे तीन प्राथमिक रंग घ्या. लाल बाजूला काढला तर उरतात पिवळा आणि निळा, त्यांचा होतो हिरवा. म्हणजे लालजवळ जे नाही ते सगळं हिरव्यात आहे. तो तिघांचा संच पुरा करतो, म्हणून पूरक. भर घालणारा या अर्थाने नव्हे, उणीव भरून काढणारा या अर्थाने.

भूमितीतले पूरककोन आठवा, बेरीज १८० अंश. रंगचक्रावरही या दोघांत १८० अंशांचंच अंतर. (गंमत म्हणजे इंग्रजीत या रंगांना जो 'कॉम्प्लिमेंटरी' शब्द आहे, तो भूमितीत आपल्या कोटिकोनांना लावतात, म्हणजे बेरीज ९० अंश. तेव्हा इंग्रजीवरून अर्थ लावायला गेलात तर फसाल.)

दुसरं उत्तर : मला विचाराल तर शब्द प्रसंग बघून निवडावा. पॅलेटवर हे रंग एकमेकांना मारतात. ट्यूबमधला हिरवा झाडाला तसाच लावला की झाड प्लास्टिकचं वाटतं. त्यात क्रिमसनचा जरासा ठिपका मिसळा, भडकपणा उतरतो. जास्त पडला तर मात्र चिखल. (क्रिमसन आणि आपला किरमिजी, दोघांचं मूळ अरबीत एकच.) हेच दोन रंग न मिसळता शेजारी ठेवा, हिरव्या साडीला लाल काठ असतो तसे, की दोघंही पेटून उठतात.

पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईची जबाबदारी शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगाईत खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्याला काळ्यावर त्यांच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगी-पिवळसर, झाक दिसत होती आणि काळा मरगळल्यासारखा वाटत होता. त्यावर त्याने १८३९ साली आख्खा ग्रंथ लिहिला. इथे 'विरोधी'च शोभतो.

आणखी एक : पण पडद्यावर काम करणाऱ्यांना 'पूरक'च बरा. तिथे प्रकाशाची बेरीज असते, जोडी मिळाली की पांढरा होतो. जोड्याही बदलतात बरं का. लालसमोर सायन, म्हणजे हिरवट निळा, येतो, हिरव्यासमोर मॅजेंटा, म्हणजे आपला राणी रंग म्हणा जवळपास, आणि पिवळ्यासमोर निळा. वहीतलं चक्र आणि संगणकातलं चक्र जुळत नाही म्हणून लेकीला रागावू नका.

छटेबद्दल : पांढरा मिसळला तर उजळ छटा (टिंट), काळा मिसळला तर गडद छटा (शेड), एवढं पुरे. नुसतं 'छटा' म्हटलं की काहीच कळत नाही. खरा घोळ 'गडद' आणि 'भडक'चा आहे. लिंबू पिवळा भडक आहे, गडद नाही. आमसुली गडद आहे, भडक नाही. गडद-फिका हा उजेड-अंधाराचा हिशेब, भडक-मळकट हा रंगाच्या शुद्धतेचा. पिवळाधमक, लालभडक, हिरवाकंच हे सगळे शुद्धतेकडचे शब्द. आणि हिरवट, पिवळसर, तांबूस म्हणजे रंग नुसता त्या बाजूला कललेला. मराठीत इतकी सोय असताना आपण सगळ्यालाच 'डार्क' म्हणून मोकळे होतो.

प्रश्नकर्ती : हे आधी कळायला हवं होतं! परवाच एक गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा पिवळा 'जरा डार्क करा' म्हणालं. मी इमानाने काळा वाढवला आणि पत्रिका शेवाळी झाली. त्यांना हवा होता हळदीसारखा पिवळाधमक. प्रूफ पुन्हा काढावं लागलं, माझ्या खर्चाने.