संत्र्याच्या ओंडक्यांना तडे गेले, पोकळ कलशासाठी कसे वाचवू?

धरमपेठ_लेथ:
काटोलला मामाच्या बागेतली जुनी संत्र्याची झाडं मागच्या आठवड्यात काढली. सात इंच जाडीचे पाच ओंडके आणून गच्चीवर ठेवले. चौथ्या दिवशी पाहतो तर दोन्ही टोकांना गाभ्यापासून सालीपर्यंत भेगा! याच झाडांची संत्री खाऊन मी मोठा झालो. आईसाठी अरुंद तोंडाचा कलश लेथवर कातायचा आहे, हे लाकूड चुलीत जाऊ द्यायचं नाही. काय करू, सांगा ना भाऊ.

कातारी_इतवारी:
बेटा, आधी ते गच्चीवरून उतरव. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात टोकांतलं पाणी भराभर उडतं, आतलं लाकूड ओलंच राहतं, मग टोक फाटतं. टोकाची पातळ चकती काप, हातानं वाकवून बघ. लपलेली भेग लगेच उघडते. स्वच्छ चकती निघेपर्यंत कापत जा आणि त्याच तासाला वितळलेलं मेण लाव. मेण थेट आचेवर नको, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळव. साल राहू दे.

आता गाभा. लाकूड गोलाईच्या दिशेनं जितकं आकसतं, गाभ्याच्या दिशेनं त्याच्या निम्मंच. म्हणून गाभ्यासकट अख्खा ओंडका वाळला की कुठंतरी फाटणारच. मोठा ओंडका असता तर गाभ्यातून उभा चिरायला सांगितलं असतं. सात इंचांत तसं केलं तर कलशाला अंगच उरत नाही. गाभा तोंडापासून तळापर्यंत मधोमध धर, कोरताना वरचा निघून जाईल. तळात अर्ध्या इंचाचं भोक पाडून उरलेला काढ. वाळल्यावर त्याच लाकडाची गुडदी, म्हणजे बूच, बसव.

भिंत पाऊण इंच, तळही तेवढाच. एका बैठकीत कोर. जेवायला उठलास तरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव. नंतर कागदी पिशवीत, कूलरच्या वाऱ्यापासून लांब. दर आठवड्याला वजन कर, ते उतरायचं थांबलं की मगच शेवटचा हात.

लकडगंज_आरा:
मेण लावलेले ओंडकेही सावलीतच ठेवा, उन्हात मेण ओघळतं. आणि बुंध्याचा खालचा तुकडा यासाठी घेऊ नका. डोळा भरलेल्या, म्हणजे संत्र्याचं कलम बांधलेल्या जागी रेषे पिळलेले असतात, त्याखाली संत्रा नाही, जंबेरी लिंबाचा खुंट. पहिल्या कलशाला सरळ रेषेचंच लाकूड हवं.

धरमपेठ_लेथ:
काका, दोन ओंडके वाचले! तीन-तीन इंच कापल्यावर चकती स्वच्छ निघाली. बाकीच्या तिघांची भेग आरपार होती. एक काल रात्री एका बैठकीत कोरला, तळाला भोकही पाडलं. पिशवीवर पेन्सिलनं लिहिलंय: १ किलो ९४० ग्रॅम. खोलीभर संत्र्याचा वास आहे.