गरिबीत वाढलेल्यांनो, मुलांनी ताटात टाकलेलं तुम्हाला बघवतं का?

आमच्या लहानपणी घरात खाणारी तोंडं बरीच आणि कमावणारे एकटे वडील. आई डाळ वाढताना आमच्यासाठी पळी तळापर्यंत घालायची आणि स्वतःच्या ताटात नुसतं वरचं पाणी, कधी तेही नाही, विचारलं की म्हणायची मला आज भूकच नाही. आता देवाच्या दयेने घरात सगळं आहे पण मुलगी अर्धं ताट तसंच ठेवून उठली की माझ्या पोटात कालवतं, मी ओरडते, ती रडते आणि जेवणाचा पार विचका होतो. नवरा म्हणतो सोड ना. नाही सोडवत. तुमच्याकडे काय करता?

प्रतिसाद १
अगदी सेम. धान्याचा डबा निम्म्यावर आला की मला झोप लागत नाही, बायको याला कंजूषपणा म्हणते पण तो कंजूषपणा नाहीये हो. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, ते ताटं चाटायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, डोक्यात दिवसरात्र खाणंच. सहा महिन्यांत मोठ्या माणसांचं हे झालं, आपलं तर अख्खं बालपण तसं गेलंय.

प्रतिसाद २
ताई, तुमचं दुःख कळतं पण ताट संपवायची जबरदस्ती नका करू. पोट भरल्यावरही खायची सवय लागते आणि पुढे भूक कधी संपली हेच कळेनासं होतं. आम्ही पहिल्यांदा अगदी थोडं वाढतो, हवं तर परत घे म्हणतो, टाकणं आपोआप कमी झालं. आजीची गोष्ट तिला जरूर सांगा, फक्त ती रागावलेली असताना नको, एरवी निवांत बसल्यावर सांगा, मुलं मन लावून ऐकतात.

प्रतिसाद ३
मला तर सगळं वाचून तुमच्या आईचंच वाटत राहिलं. वर्षानुवर्षं शेवटी आणि उरलंसुरलं खाणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, आणि दम लागला तरी त्या वयावर ढकलतात. आई असतील तर हिमोग्लोबिन तपासून घ्या, डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळून द्या म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं, जेवणाला लागून चहा मात्र नको. आणि पहिलं ताट त्यांचं वाढा. नको म्हणतील, तरी वाढा.