पहिलाच घरी जोडलेला पीसी : पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. रॅम बदलून आणू का?

मालाडकर
पार्ट्स : रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १ टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह. बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमचा) दिवा लागतो आणि लागूनच राहतो. मॉनिटरवर 'नो सिग्नल'. मिनिटभर थांबून बंद करतो, परत तेच. सामान लॅमिंग्टन रोडचं आहे. रॅम खराब असेल तर शनिवारी बदलून आणता येईल, रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.

गिरगावकर
रॅम घेऊन एवढ्यात निघू नका. मिनिटभरात बंद करताय, तिथेच घोळ असू शकतो. एएम५ सॉकेटचा बोर्ड, म्हणजे तुमचा, पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ चं ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक पट्टीशी कोणत्या टायमिंगवर नीट बोलता येतं ते तपासत बसतो. तेवढा वेळ डीरॅमचा दिवा लागलेलाच असतो आणि स्क्रीनवर काहीही येत नाही. याला काही मिनिटं सहज लागतात. मध्येच वीज तोडली की पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात. एकदा चालू करा आणि १५ मिनिटं हात लावू नका.

रॅमची जागा बदलली किंवा सीमॉस क्लिअर केलं (बोर्डाच्या सेटिंग्ज पुसल्या) तरी ट्रेनिंग नव्याने होतं. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर तेवढंच थांबायचं. घाईघाईने दहा प्रयोग केले तर त्यातून काहीच कळत नाही.

परळचा पेचकस
थांबण्याआधी एवढं करून घ्या. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा आणि कॅबिनेटचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. ग्राफिक कार्ड आणि एनव्हीएमई काढून ठेवा. ७६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, तेव्हा एचडीएमआय केबल बोर्डालाच लावा. (७५००एफ असता तर हे चाललं नसतं.) एकच पट्टी ए२ मध्ये बसवा, चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट. बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहिली तरी चटकन लक्षात येत नाही. दोन्ही टोकं अंगठ्याने घट्ट दाबा.

मालाडकर
सांगितलं तसं सगळं केलं. १५ मिनिटं थांबलो, दिवा तसाच. दुसरी पट्टी लावूनही तेच.

गिरगावकर
दोन्ही पट्ट्या एकदम खराब निघणं फारच विरळा. आता बोर्डाचं बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) आणि प्रोसेसरचं सॉकेट हे दोनच मोठे संशयित. बायोस आधी, कारण त्यासाठी काही खोलावं लागत नाही आणि जुन्या बायोसचं डीडीआर५ शी न जमणं नेहमीचं आहे.

बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस बदलण्याचं) बटण आहे का पाहा. असेल तर कंपनीच्या साइटवर नेमकं तुमचंच मॉडेल आणि रिव्हिजन शोधून नवीन बायोस उतरवा. झिप उघडून फाइल फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला द्या. नाव चुकलं की दिवा थोडा लुकलुकून थांबतो. पेनड्राइव्ह फ्लॅशबॅकची खूण असलेल्याच पोर्टात लावायचा. बोर्डाची २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन पॉवर केबल जोडलेली, एसएमपीएस चालू, पीसी बंद. फ्लॅशबॅकचं बटण काही सेकंद दाबा आणि दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबेपर्यंत कशालाही हात लावू नका. मध्येच वीज गेली तर बायोस अर्धवट राहतं, म्हणून इन्व्हर्टर असेल तर त्यावर करा.

परळचा पेचकस
याने नाही झालं तर कूलर आणि प्रोसेसर काढून सॉकेटवर तिरका टॉर्च मारा. पिनांच्या रांगा एकसारख्या चमकतात. वाकलेली पिन असेल तिथे चमक तुटते. मोबाइलने झूम करून फोटो घ्या, बोट लावू नका. कूलर परत बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावा आणि स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे आवळा.

भांडुपकर
यातच विचारतो. पंखा जेमतेम हलतो आणि सगळं बंद पडतं. हेच कारण का?

परळचा पेचकस
नाही, तुमचं लक्षण निराळं. हे बहुधा शॉर्ट किंवा वीजपुरवठ्याचं. बोर्ड बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. तिथे चालला तर कॅबिनेटमधला एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खांब) बोर्डाला भोक नसलेल्या जागी टेकतोय. खोक्यावर बटण नसतं, तेव्हा बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवायचं. तिथेही बंद पडला तर दुसरा एसएमपीएस लावून पाहा. पण मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) केबल ज्या एसएमपीएसच्या, त्यालाच वापरा. पार्टच्या बाजूचं टोक सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूची जोडणी मॉडेलनुसार बदलते. दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावली तर चांगली ड्राइव्ह जळू शकते.

मालाडकर
फ्लॅशबॅक झालं, थोडं थांबल्यावर बायोसची स्क्रीन आली! रॅम ४८०० दाखवतेय. दुसरी पट्टी लावून लगेच एक्स्पो (रॅम तिच्या ६००० च्या वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करू?

गिरगावकर
छान! एका वेळी एकच. बंद करून दुसरी पट्टी बी२ मध्ये लावा, पुन्हा ट्रेनिंग होऊ द्या. बायोसमध्ये ३२ जीबी दिसले की एनव्हीएमई आणि कार्ड बसवा. केबल आता कार्डाला, आणि कार्डाची स्वतंत्र पॉवर केबल विसरू नका. मग एक्स्पो. ६००० वर अडकला तर ५६०० करून पाहा. विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पूर्ण चालू द्या. एक जरी चूक दाखवली तर एक्स्पो बंद करून पुन्हा चालवा. तेव्हाही चूक आली, तर मात्र शनिवारी बिल आणि दोन्ही पट्ट्या घेऊन जा. जोडी एकत्रच बदलून घ्यायची.