घडीच्या सायकलवर पाण्याची बाटली कुठे अडकवता? अनुभव लिहा

बऱ्याच साध्या सायकलींच्या सांगाड्यावर ६४ मिमी अंतरावर दोन भोकं असतात. पाच मिमीचे दोन बोल्ट पिळले की होल्डर बसला. माझ्या वीस इंची घडीच्या सायकलला एकच जाड नळी, मध्ये बिजागरी आणि भोकं नाहीतच.

आधी सीटच्या दांड्याला क्लॅम्पचा होल्डर लावला. ठाण्याला लोकल यायच्या वेळी घडी घालायला गेलो, तर सीट खाली जाईना! होल्डर आडवा. बोल्ट सोडवायची एलन की (षटकोनी किल्ली) सॅकच्या तळाशी. दोन गाड्या सोडल्या. तेव्हापासून बाटली लावताना आधी बघतो ती मिटल्यावर कुठे जाते, चालवतानाचं नंतर.

आता हँडलच्या उभ्या दांड्यावर आहे. जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, त्यावर होल्डरची पाठ टेकवून दोन होज क्लिपा आवळल्या, पाण्याच्या पाइपाला लावतात त्याच. रबर नसेल तर होल्डर गोल फिरतो. क्लिपचं उरलेलं पातं कापून टोकाला टेप लावा, माझी एक पँट त्यात गेली. आणि पुरतं आवळण्याआधी सायकल एकदा मिटून पाहा, होल्डर स्पोकना घासतो का ते. मिटताना बाटली मी काढूनच घेतो.

तुमचं काय?

नाशिकहून
फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "दोन भोकं पाडू, रिव्हेट नट (भोकात बसवायचा, आत आटे असलेला नट) ठोकू, पाच मिनिटांचं काम." ड्रिल हातात घेतलंच होतं त्याने. मी नको म्हटलं. साध्या सायकलला भार वाटून घ्यायला दोन-तीन नळ्या असतात, इथे सगळा भार त्या एकीवर, तीही पातळ अॅल्युमिनियमची. शेवटी कॅरियरच्या कडेला केबल टायने बांधली. सुंदर दिसत नाही, पण चालतंय.

लंडनहून
माझी ब्रॉम्प्टन कंपनीची घडीची सायकल. हिची सीट खाली गेली की घडीला कुलूप लागतं. सीटच्या दांड्यावर काही अडकवलं तर सीट पूर्ण खाली जात नाही आणि उचलताना सायकल उलगडते. त्यामुळे तो विचारच सोडा. पुढच्या बॅगेच्या खिशात बाटली.

पुण्याहून
आईने जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून दिली. वर दोन वेल्क्रो हँडलला, खाली एक दांड्याला. खालचा पट्टा आधी नव्हता, तेव्हा चढावर बाटली दर पेडलला गुडघ्यावर आदळायची. मिटतानाही पिशवी काढावी लागत नाही. गार पाणी भरलं की कापड ओलं होतं, एवढंच.

पणजीहून
सीटच्या मागे लावली होती. एका खड्ड्यात बाटली उडाली आणि मागच्या रिक्षाखाली. वरून रबर बांधा.

बंगळुरूहून
हँडलच्या दांड्यावरच, होज क्लिपवाली पद्धत. स्टीलची बाटली टणाटण वाजायची म्हणून होल्डरात जुना मोजा घातला. आता आवाज बंद, पण लोक बाजूला होईनात. घंटी घ्यावी लागली.