बँकांचे शेअर आणि रिसर्च रिपोर्टांची रद्दी

तिमाही_मामा: काल कडूकारलं यांनी इथे ठोकून दिलं की, "बँकेचा शेअर घ्यायला ग्रॉस एनपीए (एकूण थकलेली कर्जं) आणि पी/बी (शेअरचा भाव भागिले पुस्तकी मूल्य) बघितलं की झालं, ब्रोकरचे रिपोर्ट रद्दीच्या भावात." गप्प बसणार होतो, पण रात्री झोप लागेना.

अहो, एनपीएचा आकडा बँक स्वतःच सांगते. पोराने आपला पेपर आपणच तपासायचा, त्यातला प्रकार. येस बँकेने मार्च २०१६ अखेर दाखवले सुमारे ७४९ कोटी. रिझर्व्ह बँकेने तपासलं तर निघाले ४,९२६ कोटी. पुढच्या वर्षी दाखवले २,०१८, निघाले ८,३७४. ही तफावत २०१७ मध्येच जाहीर झाली होती, चोरून कुणी ठेवली नव्हती. तरी ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर ४०० ला टेकला आणि ५ मार्च २०२० ला ५० हजारांच्या वर पैसे काढायला बंदी. आता पी/बीचं बोला. थकलेल्या कर्जांसाठीची तरतूदच कमी केली असेल तर खालचं 'बी' फुगलेलंच असणार. फुगलेल्या आकड्याने भागून स्वस्त काय नि महाग काय?

कडूकारलं: छान. मग त्या ऑगस्टमध्ये तुमच्या विश्लेषकांपैकी 'विका' म्हणणारे किती होते? भाव चढला की टार्गेट वर, पडला की टार्गेट खाली. हे तर माझा रिक्षावालाही करेल. वर त्याच ब्रोकरेजच्या भावंड कंपनीला बँकेच्या क्यूआयपीचं (मोठ्या गुंतवणूकदारांना शेअर विकून भांडवल उभारण्याचं) काम हवं असतं. दोन्ही मांडवांतून दक्षिणा घेणारा भटजी मुलात खोट आहे असं सांगेल का?

तिमाही_मामा: यूबीएसने जुलै २०१५ मध्येच लिहिलं होतं की या बँकेची अडचणीतल्या कंपन्यांना दिलेली कर्जं तिच्या नेटवर्थहून (स्वतःच्या भांडवलाहून) जास्त आहेत.

कडूकारलं: सापडला एक! त्यानंतर तीन वर्षं शेअर वरच गेला. ते वाचून ज्याने शॉर्ट केलं (भाव पडेल यावर पैसे लावले), तो खरं ठरेपर्यंत घर विकून मोकळा.

निवृत्त_कॅशियर: दोघेही कागदावरचं भांडताय. मी सरकारी बँकेत ३४ वर्षं काढली. खातं एनपीएत जाऊ नये म्हणून मार्चएंडला त्याच पार्टीला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं व्याज भरून घ्यायचं, हे आमच्याकडे शिपायालाही माहीत होतं. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर राजनसाहेबांनी २०१५ मध्ये एक्यूआर (बँकांच्या कर्जांची कडक तपासणी) लावला तेव्हा झाकण उडालं. मार्च २०१८ ला साऱ्या बँकांचा ग्रॉस एनपीए ११ टक्क्यांच्या वर गेला तो काही एका वर्षात साचला नव्हता. आता एनपीए कमी झाला म्हणून सगळे खूष, पण काउंटरवर काय चालतं ते बघा. विमा विका, कार्ड विका.

सई_धरमपेठ: विमा म्हणालात, म्हणून लिहिते. माझी आई, वय ७१, तीन लाखांची एफडी रिन्यू करायला गेली आणि युलिप (शेअरबाजाराशी जोडलेला विमा) घेऊन आली. दर वर्षी हप्ता. तिला वाटलं, एफडीचंच नवीन नाव असेल. आम्हाला कळेपर्यंत फ्री लुकची (पॉलिसी परत करायची) मुदत संपलेली आणि मॅनेजरची बदली झालेली.

कडूकारलं: सही करताना वाचायला नको का?

सई_धरमपेठ: आईने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. समोरचा पोरगा दर महिन्याला पेन्शनच्या वेळी "काकू, बसा" म्हणून पाणी देतो, त्याच्यावर विश्वास ठेवला तिने. सल्ला मागितलेला नाही तुम्हाला.

निवृत्त_कॅशियर: सईताई, त्या पोराचाही नाइलाज असतो हो. रोज संध्याकाळी कॉन्फरन्स कॉल, "आज किती पॉलिसी?" नाही विकली तर पार कुठल्या कुठे बदली.

सई_धरमपेठ: काका, बदली त्याची, पैसे आईचे. नाइलाज कुणाचा मोठा?

निवृत्त_कॅशियर: बरोबर आहे. माझ्याही हातून दोन-चार गेल्यात. अजून त्या माणसांच्या गल्लीतून जात नाही मी.

तिमाही_मामा: धागा एनपीएचा आहे, पण एक कबूल करतो. 'फी इन्कमची वाढ समाधानकारक' हे वाक्य मी रिपोर्टांत शंभरदा वाचलंय. पॉलिसी विकल्याचं कमिशन त्याच फीत येतं, त्यात सईच्या आई असतील हे डोक्यात आलं नव्हतं.

कडूकारलं: आलं! आता इंडसइंड बँकेचंही बोला. १० मार्च २०२५ ला बँकेनेच सांगितलं की डेरिव्हेटिव्हच्या (चलन, व्याजदरांवरच्या सौद्यांच्या) हिशेबात घोळ आहे, नेटवर्थच्या सुमारे २.३५ टक्के. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के खाली. कुठल्या रिपोर्टात होतं ते?

तिमाही_मामा: नव्हतं. बँकेच्या आतले आतले व्यवहार बाहेरून दिसत नाहीत. पण त्याच्या तीनच दिवस आधी रिझर्व्ह बँकेने तिच्या सीईओला तीनऐवजी एकच वर्ष मुदतवाढ दिली होती. २०१८ मध्ये येस बँकेचे प्रमुख राणा कपूरांची मुदत अशीच जानेवारी २०१९ वर आणली होती. एनपीएआधी हे बघत जा.

कडूकारलं: म्हणजे वाचायचं ते रिझर्व्ह बँकेचं, ब्रोकरचं नाही. मी वेगळं काय म्हणत होतो? बरं, ती तफावतीची टीप वार्षिक अहवालात कुठे असते तेवढं सांगा.

तिमाही_मामा: शेड्यूल १८. बारीक टायपात. चष्मा लावून बसा.

सई_धरमपेठ: तुमचं झालं असेल तर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कुणी तक्रार केली आहे का? आईचा पुढचा हप्ता १२ तारखेला जाणार आहे.