सुट्टीसाठी वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट (छोटा कॅमेरा) घ्यावा, की मोबाईलला वॉटरप्रूफ पाउच पुरे?

तापीकाठ
दिवाळीत तारकर्लीचा समुद्र, पावसाळ्यात मनुदेवीचा धबधबा नाहीतर तोरणमाळ. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाची पाण्यातली सुट्टी बहुधा एवढीच. त्यासाठी माझं स्पष्ट मत: मोबाईल पाण्यात नेऊ नये, बेताच्या किमतीचा वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट घ्यावा. फोनवरचं आयपी६८ (धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन) गोड्या, स्थिर पाण्यातल्या चाचणीवर मिळतं. बऱ्याच फोनना दीड मीटर, अर्धा तास. खारं पाणी आणि लाटेचा मार त्यात धरलेला नसतो. फोन एकदा उघडून स्क्रीन बदलली की आतलं सील पहिल्यासारखं राहत नाही, आणि पाणी शिरलं तर वॉरंटी बहुधा हात वर करते. यूपीआय आणि रेल्वेचं तिकीटही त्याच फोनात.
कोडॅकचा डब्ल्यूपीझेड२ १५ मीटरपर्यंत चालतो, ४ पट झूम आहे. ओएम सिस्टिमचा टीजी-७ (२०२३) पण १५ मीटरच. लेन्स एफ/२ (जास्त उजेड घेणारी), रॉ फाइल (नंतर हवी तशी सुधारता येणारा कच्चा फोटो) मिळते, पण किंमत दुपटीहून जास्त. सुट्टीपुरता कोडॅक पुरे.

केळीबाग
नाही पटलं, भाऊ. मनुदेवीला अंगावर तुषार येतात, तिथं १५ मीटरचं काय काम? ढगाळ दरीत उजेड कमी. या स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, झूम वाढवला की लेन्स आणखी अंधारते आणि फोटो दाणेदार येतो. चांगला मोबाईल तिथं सरस ठरतो. पाउच घ्या, पण आधी तपासा: आत कोरडा टिश्यू पेपर आणि वजनाला एक दगड ठेवून अर्धा तास बादलीत बुडवा. कागद कोरडा निघाला तरच फोन आत. टच चालत नसेल तर आवाजाच्या बटणावर शटर लावून घ्या.

तापीकाठ
धबधब्यापुरतं मान्य. पण तारकर्लीच्या स्नॉर्केलिंगला (तोंडात नळी धरून पाण्याखाली बघत पोहणं)? पाउचमध्ये हवा राहिली तर फोन वर उसळतो, हवा पूर्ण काढली तर प्लास्टिक बटणांवर दाबून बसतं. शिवाय लेन्ससमोर वाफ धरते ती वेगळीच. तिथं कॉम्पॅक्टला पर्याय नाही.

सातपुडा_फोटो
दोघंही मीटरच्या आकड्यावर भांडताय. कॅमेऱ्यात पाणी शिरतं ते सहसा खोलीमुळे नाही, बॅटरीच्या दारामुळे. तिथल्या रबरी गॅस्केटवर (सीलवर) एक केस किंवा वाळूचा एक कण बसला, तर अर्ध्या मीटरलाही पाणी आत जातं. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करून, मोठं कार्ड टाकून, दार घरीच बंद करा. आपल्याकडची हवा कोरडी, किनाऱ्यावरची दमट. तिथं दार उघडलं की दमट हवा आत कोंडली जाते आणि पाण्यात कॅमेरा थंड झाला की काचेला आतून धुकं धरतं. ते पुसता येत नाही.

उन्हाची गोष्टही कोणी काढली नाही. बहुतेक कॅमेऱ्यांची वापराची मर्यादा ४० अंश असते आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर त्याहून कितीतरी जास्त. तापलेला कॅमेरा थेट गार पाण्यात टाकू नका, आधी सावलीत निवू द्या. उनपदेवच्या गरम झऱ्यात तर वॉटरप्रूफ कॅमेराही बुडवायचा नाही. सील थंड पाण्यासाठी असतं.

समुद्रातून आलं की दार बंद ठेवून कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत १० मिनिटं ठेवा. नळाची जोरदार धार नको. मऊ कपड्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच दार उघडा. मीठ सुकलं की बटणं अडकतात.

लाट_वाळू
मुलं पाण्यात खेळतानाचे व्हिडिओच हवे असतील तर ॲक्शन कॅमेरा (अंगावर लावता येणारा छोटा व्हिडिओ कॅमेरा) बघा. हलणारा व्हिडिओ तो छान स्थिर करतो. झूम आणि फ्लॅश मात्र नाही, आणि उन्हात लांब व्हिडिओ घेताना तापून बंद पडतो. अगदी स्वस्त, नाव नसलेले ‘४के’ (अतिस्पष्ट व्हिडिओचा दावा करणारे) कॅमेरे टाळा; बऱ्याच वेळा लहान चित्र ताणून मोठं केलेलं असतं.

केळीबाग
फ्लॅश नसला तरी तापीच्या गढूळ पाण्यात काय बिघडतं? तिथं फ्लॅश मारला तर उलट गाळाचे कण उजळून फोटोभर पांढरे ठिपके येतात. हतनूर धरणाच्या पाण्यात पाण्याखालचे फोटो काढूच नयेत.

तापीकाठ
गढूळ पाण्यात फ्लॅश बंद, हे खरं. स्वच्छ समुद्रात मात्र काही मीटर खाली लाल रंग नाहीसा होऊन सगळं निळं-हिरवं दिसतं. तिथं अंडरवॉटर मोड लावा आणि माशाच्या एक मीटरच्या आत जा.
जुना घ्यायचा असेल तर निकॉनचा डब्ल्यू३०० (३० मीटर) किंवा फुजीचा एक्सपी१४० (२५ मीटर) शोधा. दोन्ही आता बनत नाहीत, म्हणून किंमत उतरते.

सातपुडा_फोटो
जुन्याला माझा विरोध आहे, भाऊ. ३० मीटर हा नव्या सीलचा आकडा आहे. रबर वयाने कडक होतं, आणि मॉडेल बंद झालं की नवं सील मिळणं अवघड. घ्यायचाच तर पैसे देण्याआधी दाराचं रबर भिंगातून बघा: चीर, दबलेला भाग, मिठाचा पांढरा थर. मग बॅटरी-कार्ड काढून, दार लावून, पाण्यात धरा. दारापाशी बुडबुड्यांची बारीक रांग सुटत राहिली तर लगेच बाहेर काढा आणि सौदा सोडा. पास झाला तरी तो फक्त वरच्या पाण्यासाठी धरा. आणि तरंगणारा पट्टा घ्यायला विसरू नका; टीजी-७ असो की हे जुने, हातातून सुटले तर बहुतेक तळाशीच जातात.